केप मॅक्लिअर: दिवसभराची बोट की सकाळचा ऑटर पॉइंट?

मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाला, केप मॅक्लिअरच्या चेंबे गावात उतरलं की गाइड आधी थंबी वेस्ट बेटाची दिवसभराची बोट सुचवतात. स्नॉर्कलिंग, शीळ घालून मत्स्यगरुडांना मासे फेकणं, बेटावर भाजलेला मासा आणि भात. जेवण झकास असतं. पण खास मासे बघायला आला असाल, तर ऑटर पॉइंट या खडकाळ किनाऱ्यालाच जा. राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट काढून पायी पोचता येतं, आणि गुडघाभर पाण्यातच खडक सुरू होतात. थंबीपाशी तर मत्स्यालयाच्या व्यापाऱ्यांनी सरोवराच्या इतर भागांतले मासे सोडलेत, त्यामुळे मूळचे कोणते ते ओळखणं अवघड जातं.

एकाच दगडासमोर दहा मिनिटं स्थिर तरंगा. शेवाळ खरवडणारे म्बुना, म्हणजे खडकांत राहणारे छोटे मासे, दिसतील. एकाचं तोंड नाकाच्या खाली असतं, म्हणून तो दगडाला जवळजवळ समांतर राहून खातो. दुसरा दगडाकडे तोंड करून काटकोनात. गळा फुगलेली मादी दिसली, तर तिच्या तोंडात अंडी किंवा पिल्लं आहेत. तिला हात लावायला जाऊ नका, घाबरून ती पिल्लं टाकून देते. कुर्ल्याच्या बाजारात ‘यलो लॅब’ म्हणून मिळणारा पिवळाधमक मासा मात्र इथला नाही, तो उत्तरेकडे न्खाटा बेच्या बाजूचा.

भाड्याचा मास्क पैसे देण्याआधी तपासा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला नाही, तर रबर कडक झालंय, दुसरा मागा.

मे ते ऑगस्ट ‘म्वेरा’ हा आग्नेय वारा सुटतो, लाटा उसळतात, पाणी गढूळ होतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर उत्तम.

शिस्टोसोमियासिसचा, म्हणजे पाण्यातल्या अळ्या त्वचेतून शरीरात शिरून होणाऱ्या जंतांच्या आजाराचा, धोका इथे खरा आहे, ‘इथलं पाणी सुरक्षित आहे’ यावर विसंबू नका. गोगलगायींतून निघणाऱ्या या अळ्या भर दुपारी सर्वाधिक असतात, म्हणून सकाळच बरी. तरी सकाळी धोका शून्य नसतो. काही जण पाण्यातून निघाल्यावर लगेच प्राझिक्वांटेल ही जंतांवरची गोळी घेतात. तिचा उपयोग होत नाही, कारण ती फक्त वाढ झालेले जंत मारते. सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवा आणि मलावीत पोहल्याचं आपणहून सांगा.