डॉक्टरकीतला धोंड्याचा महिना: वर्ष ब्रिटनमध्ये काढावं की परदेशी प्रयोगशाळेत?

पंचांगात अधिक महिना येतो तसं ब्रिटनमधल्या एमबीबीएसला एक अधिक वर्ष जोडता येतं. नावसुद्धा एकाच धातूचं: अधिक महिन्याला इंग्रजीत इंटरकॅलरी म्हणतात, या वर्षाला इंटरकॅलेटेड. पाच वर्षांची डॉक्टरकी मध्येच थांबवायची, एका विषयात बीएस्सी करायची आणि मग पुन्हा वॉर्डात. ऑक्सफर्ड, केंब्रिज, इंपीरियल, यूसीएल, एडिंबरा इथे बहुतेकांना हे वर्ष सक्तीचं, म्हणून तिथे सहा वर्षं लागतात. बाकी बऱ्याच ठिकाणी ज्याची त्याची मर्जी.

माझी भाची इंग्लंडमध्ये तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासमोर दोन पर्याय आहेत: आपल्याच विद्यापीठात बीएस्सी, किंवा वर्षभर जर्मनीत, जीवशास्त्र विभागात. "मावशी, तू गेली होतीस ना? मग सांग." फोनवर तासभर बोलले, तरी निम्मं राहिलंच. म्हणून हे लिहितेय.

आधी एक कारण खोडून टाकते. "जादा पदवीचे गुण मिळतात" हे अजून आई-बापांच्या तोंडी आहे. पदवीनंतरच्या पहिल्या प्रशिक्षणाच्या नोकरीच्या, म्हणजे फाउंडेशन ट्रेनिंगच्या अर्जात पूर्वी ते मिळत होते, 2023 च्या भरतीपासून बंद झाले. 2024 पासून तर उमेदवाराचा क्रमांक संगणकच काढतो, जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखा. पुढे स्पेशालिटीच्या अर्जांत काय मोजतात ते सारखं बदलत असतं, त्या भरवशावर आयुष्याचं वर्ष लावू नये. म्हणजे दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी ते विषयाच्या ओढीनंच निवडायचं.

अभ्यासाच्या बाबतीत दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरच्या बीएस्सीत साचा ओळखीचा असतो: काही मोड्यूल, निबंध, मग काही आठवड्यांचा प्रोजेक्ट. शेजारी बसलेले सगळे मेडिकलचेच. पदवी नीट, वेळेवर हातात पडते. ज्याला विषय कुठला आवडतो हेच अजून कळलेलं नाही, त्याला हा मार्ग जास्त मानवतो, कारण चार विषय चाखून बघता येतात.

जीवशास्त्र विभागात मात्र तुम्ही भावी डॉक्टर आहात याचं कुणाला कौतुक नसतं. मी वर्षभर सी. एलेगन्स पाळले, एक मिलिमीटर लांबीचे कृमी. छोट्या प्लेटमध्ये अगार, म्हणजे जेलीसारखा थर, त्यावर ई. कोलाय या जिवाणूंचा पातळ थर, तेच त्यांचं जेवण. प्लॅटिनमची बारीक तार, टोक चपटं केलेलं, ती ज्योतीत लाल करायची, क्षणभर थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कृमी उचलून नव्या प्लेटवर सोडायचा. पहिल्या महिन्यात माझी तार अगारात रुतायची. एकदा भोक पडलं की कृमी त्यात शिरून खाली गडप, आणि आठवड्याचा प्रयोग तिथेच संपला. अंड्यापासून अंडी घालण्यापर्यंत त्यांना तीन-चार दिवस पुरतात, म्हणून प्लेटवरचं अन्न संपायच्या आत नवी प्लेट द्यायची. शनिवार-रविवार ही भानगड त्यांना ठाऊक नसते. गाईच्या धारेला सुट्टी असते का?

पण याच कृमीच्या मज्जापेशी मोजून 302, आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा तयार आहे. दोन वर्षं मेंदूचे तक्ते घोकलेल्या मुलीला कुणीतरी पहिल्यांदाच विचारलं, "हे तुला कशावरून कळलं?" ती सवय मला घरच्या निबंधांतून लागली नसती असं वाटतं. गंमत म्हणजे हा कृमी संशोधनासाठी निवडणारा सिडनी ब्रेनर स्वतः दक्षिण आफ्रिकेत मेडिकलचा विद्यार्थी होता. पदवी हातात येईल तेव्हा डॉक्टरकी करायला वय लहान पडेल, म्हणून त्यानं मध्येच बीएस्सी केली. पुढे 2002 चं नोबेल त्याला याच कृमीवरच्या कामासाठी मिळालं.

आता पैसा. इथे लोक उलटा अंदाज बांधतात. इंग्लंडमधल्या होम-फी, म्हणजे स्थानिकांच्या दरानं फी भरणाऱ्या विद्यार्थ्याला 2025-26 मध्ये घरच्या वर्षाची फी 9,535 पौंडांपर्यंत. पूर्ण वर्ष परदेशात असेल आणि ते तुमच्या ब्रिटिश अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून नोंदलेलं असेल, तर कमाल 15 टक्के, म्हणजे 1,430 पौंड. शिवाय 2021 पासून ब्रिटिश सरकारच्या ट्युरिंग योजनेतून मदत मिळू शकते, पण तुमच्या विद्यापीठानं त्यासाठी पैसे मागितलेले असले तरच. दुसऱ्या पारड्यात राहण्याचा खर्च. जर्मनीत परवान्यासाठी विद्यार्थ्याला 2025-26 मध्ये वर्षाच्या 11,904 युरोंची सोय दाखवावी लागे, बहुधा ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. परदेशी विद्यार्थ्यांची ओव्हरसीज फी भरणाऱ्यांनी मात्र आपल्या विद्यापीठाचा आकडा लेखी घेतल्याशिवाय हिशेबाला बसूच नये. आणि पदवी वर्षभर उशिरा म्हणजे डॉक्टरचा एका वर्षाचा पगार बुडाला, हे दोन्हीकडे सारखंच.

कागदपत्रांत घरचा पर्याय अगदी सहज जिंकतो. मी गेले तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं, पासपोर्ट दाखवला की काम झालं. आता शेंगेनमध्ये, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, 180 पैकी 90 दिवस, पुढे निवास परवाना हवा. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर जर्मनीत पोचून अर्ज करता येतो. भारतीय पासपोर्टवाल्याला निघण्याआधीच व्हिसा काढावा लागतो. आपल्या घरांमध्ये हे हमखास विसरलं जातं: ब्रिटिश नागरिकत्वाच्या नेहमीच्या अर्जात मागच्या पाच वर्षांत देशाबाहेरचे दिवस 450 च्या वर, किंवा शेवटच्या बारा महिन्यांत 90 च्या वर गेले तर अडचण येते. आणि ज्यांना पुढे भारतात परतून प्रॅक्टिस करायची आहे, त्यांनी 2021 चे परदेशी वैद्यकीय पदवीधरांचे नियम वाचावेत. किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि तो एकाच संस्थेत, अशी अट आहे. मधलं वर्ष दुसरीकडे काढण्याआधी ते कसं मोजलं जाईल हे विचारून ठेवा.

माझा स्वतःचा घोटाळा गुणांचा झाला. जर्मनीत 1.0 म्हणजे सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर पास. मला 1.7 मिळाले होते. इकडच्या कार्यालयात कुणीतरी आकडा लहान म्हणजे गुण कमी असा अर्थ लावला, आणि ते निस्तरेपर्यंत ईस्टर उजाडला. गुणांचं रूपांतर कसं होणार हे जाण्याआधी सहीशिक्क्यानिशी घ्या.

हात बोथट होणं दोन्हीकडे आहे, परदेशात जास्त. घरी असाल तर एखादी दुपार क्लिनिकला जाऊन बसता येतं. मी वर्षभर स्टेथोस्कोप कपाटातून काढला नव्हता, आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात शीर सापडेना. महिन्याभरात सापडायला लागली. जुनी बॅच पुढे गेल्याचं मात्र मनाला जास्त लागलं.

भाचीला मी इतकंच म्हटलं: शहर बघून जाणार असशील तर इथेच थांब, आणि उन्हाळ्यात आठ आठवडे कुठल्यातरी प्रयोगशाळेत काढ. पण जिच्या हाताखाली शिकायचं त्या बाईंचं किंवा बुवांचं लेखी "ये" आलं, तर जा.

तिनं तीन प्रयोगशाळांना मेल पाठवले. परवा एकीकडून उत्तर आलं. जर्मन येतं का, मार्क किती, काही विचारलं नाही. रविवारी प्लेट बदलायला येशील का, एवढंच विचारलंय.