मोठ्या मण्यांची लाकडी रोझरी, दोऱ्यात ओवलेली (आजारी माणसासाठी घेत असाल तर वाचा)

ही रोझरी (आम्हा कॅथलिकांची जपमाळ) पप्पांसाठी ऑनलाइन मागवली होती. पप्पा शेवटच्या स्टेजचे कॅन्सर पेशंट, बडोद्याला घरीच होते, डॉक्टरांनी आता फक्त दुखणं कमी ठेवा एवढंच सांगितलेलं. आम्ही मूळचे वसईचे, पप्पा नोकरीसाठी इकडे आले आणि चर्च सुटलं ते सुटलंच, नाताळच्या मिस्साला पण आईच आम्हाला घेऊन जायची. आणि आता स्वतःहून म्हणाले, माझी माळ कुठाय गं. आईने लग्नातली चांदीची काढून दिली पण बोटं इतकी सुजलेली आणि बधिर की ते बारीक मणी हाताला लागेचनात, वर चेन सारखी ऑक्सिजनच्या नळीत अडकायची.

ह्या माळेचे मणी 10 एमएमचे, पॉलिश नाही म्हणून निसटत नाहीत. मुख्य म्हणजे चेन नाही, दोरा आहे आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ, त्यामुळे एक झाला हे बोटाला कळतं. दहा नमो मारिया (मारियेची प्रार्थना) झाल्या की प्रभूच्या प्रार्थनेचा मणी जरा मोठा आणि सुटा. पप्पांचा आवाज गेल्यावर आई म्हणायची आणि ते नुसते मणी सरकवायचे, आणि आईने चुकून अकरावी सुरू केली की त्या मोठ्या मण्यावर बोट दाबून धरायचे!! लहानपणी गावाला रोज संध्याकाळी माळ व्हायची, ती सगळी मराठीतली प्रार्थना एवढ्या वर्षांनी जशीच्या तशी पाठ होती. फक्त गुरुवारी अडायचे, कारण त्या दिवशीची प्रकाशाची रहस्यं (रहस्यं म्हणजे माळ म्हणताना मनात आणायचे येशू-मारियेच्या जीवनातले प्रसंग) पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये घातली, पप्पा शिकले तेव्हा पंधराच होती आणि गुरुवारी आनंदाची म्हणायचे. फादर म्हणाले जुन्या पद्धतीने म्हणा, काही हरकत नाही.

आता तक्रारी. क्रॉसच्या कडा टोकदार आहेत, अशा पेशंटची कातडी पातळ झालेली असते, पप्पांच्या मनगटावर ओरखडा उठला, मग भावाने पॉलिश पेपरने घासून दिल्या. आणि चंदनाचं सेंट मारलेलं येतं, मळमळ होणाऱ्याला तो वास अजिबात सहन होत नाही, उन्हात ठेवल्यावर गेला.

माळेला आशीर्वाद द्यायला फादरांना घरीच बोलवा आणि त्याच वेळी तेल लावायचा संस्कार पण मागून घ्या. आपल्याकडे अजून फादर तेल घेऊन आले म्हणजे संपलं असं धरतात आणि बोलवायला घाबरतात, पण तो आजाऱ्यांसाठीचा संस्कार आहे, कपाळाला आणि हातांना तेल लावतात, तब्येत आणखी बिघडली तर परत घेता येतो. माणूस शुद्धीत असताना बोलावलं तर कन्फेशनही (फादरांजवळ पापांची कबुली) होतं. पप्पांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढून केलं, दार बराच वेळ बंद होतं, आणि फादर बाहेर आल्यावर पप्पांनी आईकडे चहा मागितला, दोघांसाठी.

किंमत 240 रुपये, त्या मानाने चांगली आहे. ऑर्डर करताना विक्रेत्याला दोरा आणि गाठीवाली हवी असं लिहून पाठवा, फोटोत तारेची आणि दोऱ्याची सारखीच दिसते, मावशीला तारेची आली आणि बदलून घेण्यात आठवडा गेला.