कॉर्क काढून एकसंध रबरी पॅकिंग: चेंबरच्या गळतीचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवायची सवय मला या इंजिनाने लावली. १९७० सालची गाडी, ३५० घनइंची शेवरोले स्मॉल-ब्लॉक, म्हणजे ५.७ लिटरची व्ही-८. रात्रभर उभी राहिली की सकाळी पुठ्ठ्यावर बटणाएवढे तेलाचे तीन-चार डाग ठरलेले. तीन वर्षांत चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी बोल्टने बसवलेल्या तेलाच्या पत्र्याच्या भांड्याचं, कॉर्कचं पॅकिंग दोनदा बदललं. दोन्ही वेळा दोन-अडीच महिने बरे गेले आणि डाग परत आले. आठ महिन्यांपूर्वी स्टीलचा गाभा असलेलं सिलिकॉन रबराचं एकसंध पॅकिंग घातलं. त्यानंतर गाडी साडेचार हजार किलोमीटर चालली आणि चेंबरच्या दोन्ही बाजू आजही कोरड्या आहेत. पण सगळं श्रेय पॅकिंगला दिलं तर वाचणाऱ्याची फसगत होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

चेंबरवरून तेल टपकतंय म्हणजे चेंबरच गळतोय असं धरून चालू नका. तेल वरून खाली येतं, आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलत नेतो. व्हॉल्व्ह कव्हर, डिस्ट्रिब्युटरचं बूड, ऑइल प्रेशरचा सेंडर, फ्युएल पंप, यांतल्या कुठूनही निघालेलं तेल शेवटी चेंबरच्या कडेला येऊन लोंबतं. मी इंजिन डिग्रीझरने धुतलं, तेलात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाकला, वीस मिनिटं गाडी फिरवून आणली आणि अंधारात यूव्ही बॅटरीने पाहिलं. एका व्हॉल्व्ह कव्हरचा मागचा कोपरा चमकत होता. तो आधी बंद केला.

मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साठणारा गॅस बाहेर सोडणारी झडप, काढून कानाशी हलवला. आतली सुई खडखडायला हवी, पण आवाजच नाही. काजळीने घट्ट धरली होती. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा गॅस क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. त्याला बाहेर पडायची वाट बंद झाली की आत दाब साठतो आणि जिथे फट मिळेल तिथून तेल बाहेर काढतो. नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर पुठ्ठ्यावरचे डाग निम्म्यावर आले, तेही चेंबरला पाना न लावता. आधीची दोन पॅकिंगं मी या दाबासमोर उभी केली होती, हे तेव्हा कळलं.

पॅकिंग मागवताना एक चूक झाली, ती तुम्ही टाळा. या इंजिनात चेंबरचं पुढचं सील १९७४ पर्यंत पातळ, पाव इंची. १९७५ ते १९८५ जाड, तीन अष्टमांश इंची. आणि १९८६ पासून क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील एकसंध झालं तेव्हा चेंबरही बदलला. मी गाडीच्या सालावरून पातळ मागवलं. चेंबर उतरवल्यावर दिसलं की पूर्वी कुणीतरी नंतरचा, जाड सीलचा चेंबर आणि टायमिंग कव्हर (इंजिनाच्या पुढचं झाकण) बसवलेलं आहे. पॅकिंग परत करून दुसरं येईपर्यंत इंजिन उघडं राहिलं. जुन्या गाडीत साल बघू नका, चेंबर बघा.

उतरवण्याबद्दल थोडक्यात: गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. माझ्या गाडीत क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी) आड येतो, त्यामुळे इंजिनाचे माउंट सैल करून इंजिन दोन-तीन इंच उचलावं लागलं. उचलताना पंखा रेडिएटरच्या आवरणाला आणि डिस्ट्रिब्युटर मागच्या पत्र्याला लागत नाही ना, इकडे एक डोळा हवा. बॅलन्सरवरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकावरची) खूण खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी आणली की क्रँकचं पुढचं वजन वाटेतून बाजूला होतं आणि चेंबर सुटतो.

आता खरी गोष्ट. धुतलेल्या चेंबरच्या कडेवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि मागून उजेड टाकला. प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती पत्रा ब्लॉकच्या दिशेने फुगलेला, आणि दोन भोकांच्या मध्ये पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ. गळलं की बोल्ट आवळायचा, अशी कित्येक वर्षं गेली असणार. त्यातली तीन माझीच. कॉर्क बोल्टपाशी चेपून चिरतो आणि मधल्या भागात त्याच्यावर दाबच येत नाही. पॅकिंगची बाजू वर ठेवून कडेखाली लोखंडी ठोकळा धरला आणि लहान हातोडीने एकेक फुगवटा हलक्या हाताने बसवला. तास-दीड तास गेला. या कामात वेळ वाचवायचा असेल तर दुसरीकडे कुठेही वाचवा, इथे नाही.

नव्या पॅकिंगच्या प्रत्येक भोकात स्टीलची कडी आहे. बोल्ट त्या कडीवर टेकला की रबर आणखी चेपत नाही. दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून पॅकिंग कोरडंच बसवलं. सिलंट फक्त चार कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर आणि मागची बेअरिंग कॅप ब्लॉकला भेटतात तिथे, वाटाण्याएवढा. पूर्ण कडेवर सिलंट फासलं तर रबर घसरतं आणि आत पिळून निघालेले तुकडे पंपाच्या जाळीत अडकू शकतात. पाव इंची बोल्टांना ८० इंच-पाउंड, कोपऱ्यांतल्या मोठ्या बोल्टांना १६५. हातात ८० इंच-पाउंड अगदीच कमी वाटतात, मनगट आणखी थोडं फिरवावंसं वाटतं. टॉर्क रेंचवर, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर, विश्वास ठेवा. सिलंट रात्रभर सुकू दिलं आणि मगच तेल भरलं.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला खाली जाऊन बोट फिरवलं. दुसऱ्या महिन्यात सगळे बोल्ट रेंचने तपासले, एकही हलला नाही. कॉर्कच्या वेळी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच ते सैल पडायचे. तेलाची पातळी पूर्वी महिन्याला बोटभर उतरायची. आता दोन तेलबदलांच्या मध्ये वरून घालावं लागलं नाही.

तक्रार एकच: पॅकिंग जाड आहे आणि एकसंध असल्यामुळे गाडीखाली पाठीवर पडून एकट्याने चेंबर वर सरकवताना ते सरकतं. सोबत आलेल्या प्लास्टिकच्या खुंट्या चार कोपऱ्यांत लावल्या तेव्हा जमलं. खुंट्या नसतील तर डोकं कापलेले चार लांब बोल्ट वापरा.

सहाव्या महिन्यापासून पुठ्ठ्यावर मागच्या बाजूला एक बारीक ठिपका दिसतो. डाय टाकून पाहिलं, तो चेंबरचा नाही. गिअरबॉक्सच्या घंटेतून (इंजिनाला जोडणाऱ्या पुढच्या आवरणातून), क्रँकच्या दोन तुकड्यांच्या मागच्या सीलमधून येतोय. चेंबर खाली होता तेव्हाच ते सील बदलायला हवं होतं. आता त्यासाठी हाच चेंबर पुन्हा उतरवणार आहे, आणि पॅकिंग धड निघालं तर तेच परत लावून बघणार आहे.