आयटीआयएन आणि स्टिम्युलसच्या नावाखाली आमचे ९,६८० डॉलर गेले

आधी आकडेच सांगते. माझ्या आणि मुलाच्या आयटीआयएनसाठी (अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर न मिळणाऱ्यांचा करक्रमांक) दिलेले ७०० डॉलर. ‘स्टिम्युलस प्रोसेसिंग’ म्हणून घेतलेले ९४०; स्टिम्युलस म्हणजे कोविडच्या काळात सरकारने तीन हप्त्यांत दिलेली मदत. नवऱ्याच्या २०२० च्या रिटर्नवर निघालेला ६,६४० डॉलरचा रिफंड, जो आमच्या खात्यात आलाच नाही. आणि तिसऱ्या हप्त्याचे १,४००, तेही परस्पर दुसरीकडे गेले. एकूण ९,६८०. आमचं टॅक्स रिटर्न भरून देणारा तो माणूस मोकळा फिरतोय आणि नवा टॅक्स सीझन सुरू झालाय. ओळखीतले लोक काय म्हणतील या विचाराने इतके दिवस गप्प होते. आता लिहितेय, कारण तो याच महिन्यांत नवी गिऱ्हाइकं शोधत असणार.

आम्ही ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यू जर्सीत आलो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगा एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. नवऱ्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला, आम्हा दोघांना मिळत नाही, आम्हाला आयटीआयएन काढावा लागतो. २०१९ चं रिटर्न त्याने एकट्याने १०४०-एनआर या अनिवासींच्या फॉर्मवर भरलं होतं, त्यामुळे २०२० मध्ये सगळ्यांकडे पहिला हप्ता आला तेव्हा आम्ही त्यात बसत नव्हतो. नवऱ्याच्या टीममधल्या एकाचं तर आणखी वाईट झालं. त्याचं रिटर्न रेसिडेंट म्हणून होतं, पण बायकोचा आयटीआयएन, म्हणून त्याचेही १,२०० गेले. मार्च २०२० च्या केअर्स या कोविड-मदतीच्या कायद्यात तसंच होतं: जोडीने रिटर्न भरलं आणि एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन) नसेल तर दोघांनाही काही नाही, सूट फक्त सैन्यातल्यांना. २७ डिसेंबर २०२० ला सही झालेल्या कायद्याने ते बदललं. एसएसएन असलेल्या जोडीदाराला पहिल्या हप्त्याचे १,२०० आणि दुसऱ्याचे ६०० मिळणार, तेही २०२० च्या रिटर्नमध्ये मागता येणार. आयटीआयएनवाल्याला मात्र पूर्वीसारखंच काही नाही. बदल एवढाच होता. त्या माणसाने एवढ्याशा बदलावर आपलं अख्खं दुकान मांडलं.

त्याचा नंबर मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला होता. “आपलाच माणूस आहे, आमचं काम केलंय.” फेब्रुवारी २०२१. स्ट्रिप मॉलमध्ये वरच्या मजल्यावर ऑफिस, बाहेर पाटी, आत आणखी दोन कुटुंबं बसलेली. मला पहिल्या मिनिटापासून वहिनी म्हणत होता. “वहिनी, डिसेंबरमध्ये कायदा बदलला. आता आयटीआयएनवाल्यांनाही स्टिम्युलस. तुम्ही घरात तिघं. पहिल्या हप्त्याचे एकोणतीसशे, दुसऱ्याचे अठराशे. चार हजार सातशे तुमचे नक्की.”

त्याने कायदा बदलला म्हटलं आणि कायदा खरोखरच बदलला होता. बातमी मी स्वतः वाचली होती. धादांत खोटं बोलला असता तर तिथेच उठून आले असते. अर्धं खरं बोलणाऱ्याला नवीन आलेल्या माणसाने कुठे पकडायचं? आमच्या घरात फक्त नवऱ्याचे १,८०० बसत होते. मुलाला स्टिम्युलस नाही, चाइल्ड टॅक्स क्रेडिटही नाही, २०१८ पासून त्यालाही एसएसएन लागतो. मुलापोटी मिळतं ते दुसऱ्या अवलंबितांसाठीचं ५०० डॉलरचं क्रेडिट. हे सगळं मला आता पाठ आहे.

आयटीआयएनचे माणशी ३५०, आणि ४,७०० वर वीस टक्के म्हणजे ९४०. एकूण १,६४० झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) आगाऊ. रिफंडच्या किंवा स्टिम्युलसच्या रकमेवर टक्केवारी मागणारा दिसला की तिथेच थांबा. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, आयटीआयएनसाठी एक सेंटही घेत नाही, पैसे जातात ते मध्यस्थाला. मध्यस्थ घ्यायचाच असेल तर आयआरएसच्या यादीतला सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट घ्या. तो पासपोर्ट तपासून तुमच्यासमोरच परत देतो. याने आमचे मूळ पासपोर्ट ठेवून घेतले. “ऑस्टिनला पाठवायला लागतात.” डब्ल्यू-७ या आयटीआयएनच्या अर्जाबरोबर मूळ पासपोर्ट ऑस्टिनला करखात्याच्या ऑफिसात जातात हेही खरं आहे, खूप जणांनी पाठवले आहेत. म्हणूनच संशय आला नाही.

आता तो क्षण, ज्याचा विचार करून आजही रात्री झोप उडते.

त्याने ड्राफ्ट रिटर्नची पीडीएफ पाठवली. मुलगा झोपल्यावर मी ओळ न ओळ वाचली. तिसाव्या ओळीवर स्टिम्युलसचे ४,७००. खाली रिफंड १०,०३३. त्याच्याखाली बँकेचा राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक. शेवटचे चार आकडे आमचे नव्हते. मी उठून चेकबुक काढलं, शेजारी ठेवलं, एकेक आकडा लावून पाहिला. राउटिंग नंबरही वेगळा. लगेच मेसेज केला: हे खातं कुणाचं? दोन मिनिटांत उत्तर आलं. “वहिनी, ते ट्रान्झिट अकाउंट असतं. रिफंड आधी तिथे येतो, माझी उरलेली फी कापून बाकी तुमच्याकडे. सगळे मोठे टॅक्सवाले असंच करतात.”

असं करणाऱ्या कंपन्या खरंच आहेत. रिफंडमधून फी कापून घ्यायची सोय असते आणि त्यात तात्पुरतं खातंही असतं. नवऱ्याने शोधून पाहिलं, तसंच सापडलं. आम्ही डोळे मिटून सही केली असं कुणी म्हणू नये. मी विचारलं होतं, नवऱ्याने तपासलं होतं. पण फी तर आम्ही आगाऊ दिली होती, सगळीच्या सगळी! मग ‘उरलेली फी’ कसली? हा एक प्रश्न त्या रात्री मला सुचायला हवा होता. चेकबुक हातात होतं, आकडे समोर होते, आणि तो एक प्रश्न सुचला नाही.

दुसऱ्याच दिवशी ‘अॅक्सेप्टेड’ असा स्क्रीनशॉट आला. हे वाचणाऱ्या प्रत्येक एच-फोरवालीने नीट लक्षात ठेवावं: नव्या आयटीआयएनचा अर्ज जोडलेलं रिटर्न ई-फाइल होतच नाही. ते कागदावर, डब्ल्यू-७ सोबत, पोस्टाने ऑस्टिनला जातं. त्यावर नवरा-बायको दोघांची सही लागते. माझी सही त्याने फक्त डब्ल्यू-७ वर घेतली, रिटर्नवर मागितलीच नाही. ‘अॅक्सेप्टेड’ दिसलं तर समजायचं, तुमचं नाव त्या रिटर्नमध्ये नाही.

मग वाट पाहणं. त्या वर्षी सगळेच वाट पाहत होते. सात आठवडे, सीझनमध्ये अकरा, असं अधिकृत उत्तर होतं आणि लोकांना प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागत होते. त्याच्याकडे दरवेळी तेच उत्तर: ऑस्टिनला बॅकलॉग आहे. बॅकलॉग होताच. सरकारी दिरंगाई इतकी खरी होती की तिच्या आडून त्याला काहीही करता आलं. आपला कागद रखडलाय की आपण लुबाडले गेलोय, यातला फरक ओळखायला आमच्याकडे काही साधनच नव्हतं.

एप्रिलमध्ये सांगलीत बाबांना कोविड झाला, ऑक्सिजनवर ठेवलं. मी जाऊ शकले नाही, पासपोर्ट त्याच्याकडे होता. “ऑस्टिनहून परत आला की लगेच देतो, वहिनी.” बाबा वाचले. पण त्या आठवड्यांत भावाचा फोन वाजला की हातपाय गार पडायचे आणि मी इथे ट्रॅकिंग नंबर मागत बसले होते. मे महिन्यात एका पाकिटातून दोन्ही पासपोर्ट पोस्टाने आले, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, आत चिठ्ठी नाही. त्यानंतर त्याचा फोन बंद. नवरा ऑफिसात गेला तर पाटी काढलेली.

खरं कळलं ते ट्रान्स्क्रिप्टमधून, म्हणजे आपल्या रिटर्नच्या करखात्याकडच्या उताऱ्यातून. तेही सहज मिळालं नाही. ऑनलाइन खातं उघडायला ओळख पटवावी लागते, त्यासाठी तेव्हा क्रेडिट कार्ड किंवा कर्जाचा खाते क्रमांक लागायचा. नवीन आलेल्या माणसाकडे क्रेडिट हिस्ट्री कुठून असणार? नवऱ्याचं खातं उघडलंच नाही. शेवटी पोस्टाने मागवलं. पोस्टाने मागवता येतं, फुकट, पाच ते दहा दिवसांत घरच्या पत्त्यावर येतं. हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर मार्चमध्येच सगळं उघड झालं असतं. रिटर्न भरल्यावर ट्रान्स्क्रिप्ट मागवाच, कुणावर कितीही विश्वास असो.

त्यात होतं: फाइलिंग स्टेटस सिंगल. म्हणजे मी नाही, मुलगा नाही. नवऱ्याच्या नावावर कधी नसलेला धंदा आणि त्यात २२,००० चा तोटा. नवऱ्याचा पगार ८४,०००, तोटा दाखवल्यावर ६२,००० झाला. एकट्याला पूर्ण स्टिम्युलससाठी मर्यादा ७५,०००, म्हणून तो तोटा. १,८०० स्टिम्युलसचे, ४,८४० खोट्या तोट्यामुळे वाचलेल्या कराचे, मिळून ६,६४०. पुढे कोड ८४६, रिफंड दिला. आणि तिसऱ्या हप्त्याचे १,४०० याच रिटर्नवरच्या बँक खात्यात गेले. सरळ जोडीने भरलं असतं तर आम्हाला हक्काचे ७,१३३ मिळाले असते, कुणालाही न फसवता.

तयार करणाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती. पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्याने सही करायची आणि आपला पीटीआयएन (करखात्याकडचा त्याचा नोंदणी क्रमांक) लिहायचा हा कायदा आहे. तो रकाना रिकामा असेल तर ते रिटर्न पाठवू देऊ नका.

यानंतर जे सुरू झालं त्याने फसवणुकीपेक्षा जास्त चीड आली. पोलीस स्टेशनवर सांगितलं, हा फेडरल मामला, आम्ही रिपोर्ट घेत नाही. आयआरएसच्या हेल्पलाइनवर सांगितलं, पोलीस रिपोर्टशिवाय केस पुढे जाणार नाही. बँकेने सांगितलं, झेलने तुम्ही स्वतः पाठवलेत, तुमच्या मर्जीने गेलेले पैसे परत नाहीत. रिफंड गेलेल्या दुसऱ्या बँकेने सांगितलं, तुम्ही आमचे ग्राहक नाही, खातं कुणाचं ते सांगता येणार नाही. सगळे नियमाप्रमाणे बरोबर, आणि चोराचं नाव प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर! हेल्पलाइनची गत तर सरकारच्याच अहवालात आहे. नॅशनल टॅक्सपेअर अॅडव्होकेटच्या अहवालाप्रमाणे आर्थिक वर्ष २०२१ मध्ये आयआरएसला २८.२ कोटी फोन आले आणि माणसांनी उचलले ३.२ कोटी. शंभरात अकरा. बाकीच्यांसाठी रेकॉर्ड केलेला आवाज, की लाइन व्यस्त आहे, नंतर करा, आणि फोन कट. एकदा कुणी तरी उचलला आणि तिने नवऱ्याला विचारलं, “पण रिटर्न तर तुमच्याच नावाने आहे ना?” जणू आम्हीच आरोपी.

पोलीस रिपोर्ट शेवटी मिळाला, कारण नवऱ्याने काउंटरवर पोलीस रिपोर्ट मागणारा करखात्याचा फॉर्मच दाखवला आणि रिपोर्ट क्रमांक घेतल्याशिवाय हलायला नकार दिला. तुम्हीही हलू नका. मग टॅक्सवाल्याविरुद्धच्या तक्रारीचा फॉर्म १४१५७, सोबत त्याने रिटर्नमध्ये केलेल्या फसवणुकीचा १४१५७-ए, व्हॉट्सअॅपचे सगळे मेसेज, झेलच्या पावत्या, आणि खरं, सह्या केलेलं जोडीचं रिटर्न माझ्या व मुलाच्या डब्ल्यू-७ सकट. आयटीआयएन आता एका अधिकृत एजंटकडून काढले. माझा आला, मुलाचा यायचाय. उत्तरादाखल करखात्याची पत्रं येतात: आणखी ६० दिवस लागतील.

जानेवारी २०२२ मध्ये आणखी दोन पत्रं आली. एक ६४७५ नंबरचं, तुम्हाला तिसऱ्या हप्त्याचे १,४०० डॉलर दिले गेले, असं सांगणारं. दुसरं, धंद्यातल्या २२,००० च्या तोट्याच्या पावत्या मागणारं. पावत्या नसतील तर कर, व्याज, दंड. पैसे तिसऱ्याने खाल्ले आणि हिशेब आमच्याकडे मागताहेत. १,४०० कुठे गेले याचा शोध घ्यायला फॉर्म ३९११ ने ट्रेस लावलाय. असं पत्र आलं तर गप्प बसू नका, दिलेल्या तारखेच्या आत उत्तर पाठवा, सर्टिफाइड पोस्टाने. न दिलेलं उत्तर म्हणजे कबुली धरतात.

त्या ऑफिसात त्या दिवशी आमच्याबरोबर बसलेली दोन कुटुंबं होती, एकीच्या कडेवर लहान मूल होतं. त्यांनी किंवा आणखी कुणी २०२१ मध्ये न्यू जर्सीत अशा माणसाकडे आयटीआयएनला पैसे दिले असतील, तर आजच नवऱ्याच्या एसएसएनवर २०२० चं ट्रान्स्क्रिप्ट मागवा आणि फाइलिंग स्टेटस बघा. सिंगल असेल तर पैसे आले असोत वा नसोत, १४१५७-ए भरा, आणि त्याचे मेसेज डिलीट करू नका.