१२ फुटी सर्फ रॉड-रीळचा सेट: स्पर्धेत दिवसभर पिदडून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू घरात रॉड हलवून बघून लिहिलेला नाहीये. आमच्या क्लबची आणि दुसऱ्या एका क्लबची दरवर्षी सर्फ फिशिंगची दोस्तीतली स्पर्धा असते, म्हणजे होडीत बसून मासेमारी नाही, किनाऱ्यावर उभं राहून फुटणाऱ्या लाटांमध्ये गळ फेकायचा. दोन्ही क्लबांचा जीव एकाच बेटावर, आणि गंमत म्हणजे दोघांतलं कोणीच तिथे राहत नाही, तरी बेट कुणाचं यावरून वर्षभर टोमणे चालू. मासा पट्टीवर ठेवायचा, फोटो काढायचा, लगेच पाण्यात सोडायचा, आणि शेवटी सेंटीमीटरची बेरीज. हरणाऱ्यांनी संध्याकाळी सगळ्यांचं सामान आणि किनाऱ्यावर गोळा केलेला प्लॅस्टिकचा कचरा होडीपर्यंत वाहायचा. मागच्या वेळी तो आम्ही वाहिला, आणि मला वाटलं की चूक माझ्या जुन्या आखूड रॉडची आहे, म्हणून हा सेट घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडायची हौस नाही.

तर सेट असा: १२ फुटी कार्बनचा दोन तुकड्यांचा रॉड, वजन फेकायची क्षमता १०० ते १५० ग्रॅम, सोबत ८००० साइझचं, म्हणजे मोठं, स्पिनिंग रीळ (दोरी गुंडाळायची हँडलवाली चकरी) आणि वाळूत रोवायचा एक स्टँड. स्टँडबद्दल एका वाक्यात, तो घरी छत्री ठेवायला वापरा. गुडघ्याएवढा पण नाही, पहिल्या जोरदार लाटेत रॉडसकट आडवा झाला. तिरका कापलेला जाड पीव्हीसी पाइप हातभर वाळूत ठोकला तर तो हलत नाही, लाटेच्या पाण्यापासून रीळ पण उंच राहतं, आमच्याकडे सगळे तेच वापरतात आणि मी शहाणा नवीन स्टँड घेऊन गेलो होतो.

रॉड मात्र खरंच चांगलाय. दोरीच्या टोकाला १२५ ग्रॅमचं शिसं, म्हणजे वजन, लावून फेकला की पाठीतून वाकतो आणि मग जे सुटतं ते बघत राहावं, माझ्या जुन्या रॉडच्या दीडपट तरी लांब जात होतं. पण रॉडवर छापलेले आकडे गांभीर्याने घ्या. मी मध्येच ६० ग्रॅमचं लावून बघितलं तर रॉड वाकतच नाही, काठीने दगड फेकल्यासारखं वाटतं. लोक दुकानात जाऊन लांबी विचारतात, किती फुटी आहे, १२ का १४, अरे पण तुम्ही शिसं किती ग्रॅमचं फेकणार ते आधी ठरवा ना, रॉड त्यावरून घ्यायचा असतो.

आणि शॉक लीडर. ही गोष्ट सेटसोबतच्या कागदावर कुठेच लिहिलेली नाही याचा मला खरंच राग आला. रिळावर पातळ ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, दोरी भरलेली असते, ती ओढायला मजबूत असली तरी फेकताना जो झटका बसतो तो झेलायला तिच्यापुढे जाड नायलॉनचा तुकडा बांधावा लागतो. साधा हिशोब असा की शिशाच्या दर औंसामागे १० पाउंड ताकद. १ औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, तर १२५ ग्रॅमला ४५ पाउंड, मी ५० चा लावला. लांबी रॉडच्या दुप्पट धरायची, म्हणजे फेकायच्या तयारीत असताना पण त्याचे पाच-सहा वेढे रिळावर राहतात. हा नसेल आणि दोरी तुटली तर ते शिसं बंदुकीच्या गोळीसारखं कुठेही जाऊ शकतं, बाजूला तर माणसं उभी असतात. आमच्या स्पर्धेत लीडर तपासल्याशिवाय पहिला गळ टाकूच देत नाहीत. नवीन माणसाने हा सेट घेतला तर त्याला हे कोण सांगणार?

आता खरी कथा. भरती चढायला लागली तसा मी जोशात फेकतोय, एकेक फेक अशी की आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मासा? शून्य. माझ्यापासून पंचवीस-तीस पावलांवर समोरच्या क्लबातले एक काका, हातात जुना फायबरग्लासचा रॉड, दोरी ओवायच्या रिंगांवर परत परत बांधलेला दोरा, ते जेमतेम वीस पावलं पुढे टाकत होते आणि एकावर एक मासे काढत होते. तिसऱ्या माशाला माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, पलीकडचा किनारा गाठायचाय का तुला?"

मग नीट बघितलं. लाटा लांबवर एका रेषेत फुटून पांढऱ्या होत होत्या, तो वाळूचा दांडा. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एक पट्टा जरा गडद, तिथे लाट फुटत नव्हती, म्हणजे खाली खोलगट चर. लाटांनी उकरलेले खेकडे, किडे त्या चरात येतात आणि चढत्या पाण्याबरोबर मासे पण तिथेच चरायला येतात. मी इतका वेळ सगळ्या माशांच्या डोक्यावरून पलीकडे फेकत होतो! आधी ओहोटीला येऊन किनारा बघून ठेवला असता तर चर कुठे आहे ते उघड दिसलं असतं. हलक्या हाताने जवळ टाकलं आणि दहा मिनिटांत पहिला मासा. त्यामुळे या सेटने लांब जातं का, तर हो जातं, पण तुम्हाला तेवढं लांब जायचं आहे का हा प्रश्न आधी.

दुपारी एक मोठं पाकट लागलं. पाकटाला आमच्याकडे गुण नाहीत, पण ड्रॅगची, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सोडणाऱ्या रिळातल्या ब्रेकची, परीक्षा झाली. ते तळाला चिकटून बसतं आणि मग अचानक निघतं, ड्रॅग कुठेही अडकला नाही, एकसारखी दोरी सोडत गेला, यासाठी रिळाला पूर्ण मार्क. सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गळ होता, त्यात मासा ओढायला लागला की आपण झटका मारायचा नसतो, नुसतं गुंडाळत राहायचं, तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि मासा सोडायला सोपं जातं. शेपटीच्या काट्याच्या नादी न लागता दोरी हुकाजवळ कापली आणि दिलं सोडून.

पण हेच रीळ संध्याकाळपर्यंत दळायला लागलं. खोक्यावर पाणी आत जात नाही असं ठळक लिहिलंय, आणि एका लाटेने फक्त एकदा भिजवलं, ते पण पूर्ण बुडालं नव्हतं. हँडल फिरवलं की जात्यात खडा आल्यासारखा आवाज. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं की खाऱ्या पाण्यात वापरल्यावर वॉरंटी नाही. सर्फ रीळ खाऱ्या पाण्यात नाही वापरायचं तर काय बादलीत वापरायचं?

ब्रेडेड दोरीचा गुंता दोनदा झाला, त्यात रिळाचा दोष नाही, मी हँडल फिरवून बेल (रिळावरची दोरी अडवणारी तारेची कडी) बंद करत होतो. हाताने बंद करून दोरी एकदा ताणून घेतल्यावर परत झाला नाही. आणि बोटाला टोपी घाला, पातळ दोरी जोरात सुटताना बोट कापते, माझं कापलंय.

सांधा हा अजून एक मुद्दा. फेकून फेकून वरचा तुकडा हळूहळू फिरतो, दर दहा-बारा फेकींनी रिंगा एका रेषेत आहेत का बघावं लागतं. शेवटी त्यात वाळू जाऊन असा अडकला की दोघांनी ओढून सुटेना. मग त्याच काकांनी रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरला, हात बाहेरून लावले, आणि गुडघे बाहेर ढकलत उघडले, टक् करून सुटला. सांध्यावर मेणबत्ती घासत जा म्हणाले. आम्ही ११ सेंटीमीटरने हरलो आणि काकांची पेटी मीच उचलली, तेव्हा तेवढा सल्ला फुकट मिळायलाच हवा होता.

घ्यायचा का? नुसता रॉड मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. रीळ वेगळं घ्या, आणि कुठलंही घेतलं तरी धुताना ड्रॅग घट्ट करून साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, जोरात फवारा मारला तर मीठ उलट आत जातं. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा. माझं रीळ सध्या टेबलावर उघडं पडलंय, दोन बेअरिंग बदलायची आहेत, आणि त्यातून अजून वाळू निघतेय.