दाराच्या फळीवर एरी लॅकवाना: एन स्केलच्या अमेरिकन गाड्या वापरून पाहिल्यानंतर

छोट्या घरात अमेरिकन मॉडेल रेल्वे मांडायची असेल तर मोठी इंजिनं घेऊ नका. दुकानात, प्रदर्शनात, जाहिरातीत सगळीकडे तुम्हाला बिग बॉय दाखवतील. युनियन पॅसिफिक रेल्वेची ४-८-८-४ चाकांची ती राक्षसी वाफेची इंजिनं एकूण २५ च बनली, त्यातलं ४०१४ दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा धावलं आणि तेव्हापासून तर त्याचं वेडच लागलंय लोकांना. पण टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीसकट, त्याची लांबी १३२ फुटांच्या वर आहे. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० मापातही ते पाव मीटर भरतं. माझा अख्खा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, दोन मीटरचा. त्यावर बिग बॉय स्टेशनातून सुटायच्या आधीच पुढच्या स्टेशनात पोहोचेल. पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनला स्टीमटाउनमध्ये ४०१२ उभं आहे, ते जाऊन डोळे भरून पाहावं. घरात नको.

आम्ही न्यू जर्सीत दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. तळघर नाही, गॅरेज नाही. गेल्या हिवाळ्याआधी मी लेआउट मांडायला घेतला आणि आता रोज नाही तरी आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी गाड्या धावतात. तेवढ्या वापरावरचं हे मत.

आधी मापाचं. अमेरिकेत सगळ्यात जास्त चालतं ते एचओ, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम पाहिलं असेल, तर तिथल्या गाड्या याच मापाच्या. वस्तू हातात घेऊन बघायला एचओ सुरेख, सुटे भाग मुबलक, आणि साठीच्या पुढच्या डोळ्यांना सोयीचं. पण वळणाला जागा खातं. एन स्केलचे रूळ ९ मिलिमीटरचे. ३१५ मिलिमीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर पूर्ण अर्धवर्तुळ पाऊण मीटर रुंदीच्या फळीवर बसतं. अशी फळी इथे हार्डवेअरच्या दुकानात तयार मिळते: घरातल्या खोल्यांना लावतात तो पोकळ दरवाजा. ८० इंच लांब, ३० किंवा ३६ इंच रुंद, हलका, सपाट, सहसा न वाकणारा. मी ३६ इंचीच घेतला. त्यावर दोन इंची फोमचा थर चिकटवला. फोममुळे नदीनाले कोरता येतात, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांपर्यंत खडखड जात नाही.

रूळ काटोचे युनिट्रॅक. जपानी कंपनी, पण अमेरिकन गाड्यांचा तिचा मोठा पसारा आहे. रुळाखाली खडीचा प्लास्टिकचा पाया जोडूनच येतो, तुकडे खटकन एकमेकांत बसतात आणि जोडातून वीज नीट वाहते. अपार्टमेंटवाल्यांना मी डोळे मिटून हेच सांगीन. कितीदा उखडलं, फिरवून जोडलं, तरी जोड सैल झाले नाहीत. दिसायला मात्र ते खेळण्यासारखं दिसतं, हे मान्य. खडीच्या कडेला बारीक खरी खडी आणि पातळ केलेला गोंद टाकला, रुळांच्या कडांना गंजाचा रंग दिला की निम्मं काम भागतं. ज्यांना रूळ अस्सल दिसायला हवेत त्यांनी कोड ५५ चे रूळ घ्यावेत. रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, म्हणून कोड ५५ म्हणजे ०.०५५ इंच. फक्त जुने सेकंडहँड डबे घेणार असाल तर जपून. त्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात, त्या इतक्या बुटक्या रुळावर खिळ्यांना घासत जातात आणि गाडीभर टकटक ऐकू येते.

चढ-उतार आणि पूल यांचा मोह मी सुरुवातीलाच सोडला. दोन टक्क्यांच्या चढाने दोन मीटरमध्ये चारच सेंटिमीटर उंची मिळते, त्यात खालून दुसरी गाडी जात नाही. सपाट मैदान, एक बाहेरची फेरी, आत दोन साइडिंग, म्हणजे गाडी बाजूला उभी करायचे रूळ, आणि एक छोटं यार्ड. बस.

आता गाड्या. मला आल्को कंपनीचं डिझेल इंजिन हवं होतं, हे ठरलेलंच होतं. मी कराडची. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, आणि मिरज लाईनवर लहानपणी ज्या गाड्या पाहिल्या त्या डिझेल इंजिनांनी ओढलेल्या. ते डब्ल्यूडीएम-२ मूळचं न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचं, म्हणजे आल्कोचं. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिथून आली, मग वाराणसीत बनायला लागली. खुद्द आल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं आणि आपल्याकडे मात्र त्याच घराण्याची २६०० अश्वशक्तीची, १६ सिलिंडरची इंजिनं पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. इथे आल्यावर शोध घेतला तर आमच्या घरापासून गाडीने जाऊन येण्याजोग्या अंतरावर, स्क्रँटनलाच, डेलावेअर-लॅकवाना नावाची छोटी मालवाहू रेल्वे आजही आल्को चालवते. सुरू होताना तोच धूर, उभ्या उभ्या तीच अडखळती धडधड. नवरा म्हणाला, दोन तास गाडी चालवून तू पुण्याच्या घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये आलीस.

तर माझं पहिलं इंजिन आल्कोचं आरएस-३. १९५० ते ५६ दरम्यान बनलेलं, १६०० अश्वशक्तीचं, चार आसांचं. मॉडेल ॲटलसचं, आणि ही कंपनी न्यू जर्सीचीच, हिलसाइडची. एन मापात हे इंजिन जेमतेम पावणेअकरा सेंटिमीटर. छोट्या लेआउटला याहून चांगलं इंजिन मला सापडलेलं नाही. त्याची कारणं दोन. एक तर लांबी कमी, त्यामुळे तंग वळणावर ते बाहेर लोंबत नाही. दुसरं, हे रोड स्विचर आहे. केबिन मध्ये, दोन्हीकडे नाक, एक लांब, एक आखूड. त्यामुळे दोन्ही दिशांना सारखंच धावतं. ते फिरवायला टर्नटेबल लागत नाही. मालगाडी ओढा, यार्डात वाघिणी इकडच्या तिकडे करा, दोन डबे लावून लोकल करा, तिन्ही कामं अस्सल. एरी रेल्वे न्यू जर्सीत आरएस-३ लोकलला लावायचीच.

रंग एरी लॅकवानाचे: राखाडी, मरून आणि मधे पिवळ्या रेघा. एरी आणि डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या १९६० मध्ये एकत्र येऊन ही रेल्वे झाली आणि १ एप्रिल १९७६ ला ती कॉनरेल या मोठ्या रेल्वे कंपनीत विरघळली. मी हीच निवडली कारण आमच्या गावातून आज न्यू जर्सी ट्रान्झिटची जी लोकल होबोकेनला जाते ती जुन्या लॅकवानाच्याच मार्गावरून. आणि दुसरं, एकच कंपनी आणि एकच काळ ठरवल्याने पैसे वाचतात. अमेरिकन गाड्यांत हा मोठा धोका आहे. कंपन्या शेकड्याने, रंग एकाहून एक देखणे. सांता फेचं लाल-चंदेरी इंजिन समोर आलं की हात आपसूक पाकिटाकडे जातो. 'हे न्यू जर्सीत यायचं का?' हा एकच प्रश्न विचारायचा आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचं.

नियम फार कडक करू नका मात्र. मला कोळशाच्या वाघिणींची गाडी हवी होती. ३३ फुटी, तळातून माल सोडणारी दोन कप्प्यांची हॉपर वाघीण एन मापात सव्वासहा सेंटिमीटरची होते, छोट्या लेआउटसाठी सोन्यासारखी. पण एरी लॅकवानाच्या काळात स्क्रँटनकडचा अँथ्रासाइट कोळसा संपत आला होता. जानेवारी १९५९ मध्ये सस्क्वेहाना नदी नॉक्सच्या खाणीत घुसली, १२ खाणकामगार गेले, आणि त्या खोऱ्यातल्या खोल खाणींचं युगच आटोपलं. मग साठच्या दशकात कोळशाची गाडी कशी दाखवायची? मी सहाच वाघिणी लावते, मागे एक कबूस, म्हणजे गार्डचा डबा. धंदा ओसरलेल्या काळात एवढीच लांबी पटते, आणि माझ्या साइडिंगलाही तेवढीच मावते. इतिहास आणि दाराची फळी यांचं इथे छान जमलं.

वाघिणींचं वजन तपासून घ्या. राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघटनेची, म्हणजे एनएमआरएची, एन मापासाठी शिफारस आहे: अर्धा औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला ०.१५ औंस. म्हणजे हॉपरला साधारण २५ ग्रॅम, ४० फुटी बंद वाघिणीला २७. रिकामी हॉपर यापेक्षा बरीच हलकी येते आणि ढकलताना वळणावर उडी मारते. मी प्रत्येकीत शिशाची पट्टी बसवली आणि वर खऱ्या कोळशाचा चुरा चिकटवला. त्यानंतर घसरणं जवळपास थांबलं. चाकं प्लास्टिकची असतील तर धातूची घाला, रूळ कमी काळवंडतात.

कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारे आकडे, हा या छंदातला सगळ्यात चिडचिडा भाग. जुन्या सेकंडहँड डब्यांना चौकोनी आकड्याचे रॅपिडो कपलर असतात, नव्यांना खऱ्यासारखे मुठीचे. दोघांचं एकमेकांशी जमत नाही. ओरेगनच्या मायक्रो-ट्रेन्सचे मुठीचे कपलर उत्तम, पण स्वतः जोडायचे म्हणजे आत केसाएवढी स्प्रिंग असते आणि ती उडाली की गालिच्याची झाली. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून जोडा. तयार जोडलेले घेतले तर थोडे महाग पडतात. माझ्या मते ते पैसे वसूल आहेत. रुळाखाली लोहचुंबक बसवून गाड्या सोडवायची सोय असते, पण माझ्याकडे वाघिणी नको तिथेही सुटायला लागल्या म्हणून चुंबक काढून टाकले. उदबत्तीची बांबूची काडी टोक काढून दोन कपलरच्या मधे घालायची आणि अलगद फिरवायची. याहून स्वस्त आणि भरवशाचं साधन नाही.

साधी डीसी वीज घ्यायची की डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण? डीसीसीत रुळात कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर, म्हणजे छोटी इलेक्ट्रॉनिक चकती, आपल्या क्रमांकाचीच आज्ञा ऐकतो. एका वेळी एकच इंजिन चालवणार असाल तर साधी डीसी पुरे. मी डीसीसी घेतली ती आवाजासाठी. ईएसयू कंपनीच्या डीकोडरमध्ये आल्कोच्या २४४ या डिझेल यंत्राचा आवाज मिळतो. आरएस-३ मध्ये तो बसवणं हे चष्मा, भिंग आणि देवाचं नाव घेऊन करायचं काम आहे. स्पीकर ११ × १५ मिलिमीटरचा, त्यामुळे छातीत जाणवणारा घुमार येत नाही. लय बरोबर, शिटी बरोबर, पण खर्ज गायब. आवाजाच्या डीकोडरचे पैसे मोजून मी ऐंशी टक्के समाधानी आहे. नव्वद म्हणायचं होतं, पण आवाज निम्म्यावर आणल्याशिवाय तो फाटतो.

सेकंडहँड खरेदीबद्दल थोडं. नवीन माल आगाऊ नोंदणीवर निघतो, एक खेप चीनमधून येते, संपली की पुन्हा कधी निघेल त्याचा नेम नसतो. म्हणून प्रदर्शनं महत्त्वाची. जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डला ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटीचं मोठं प्रदर्शन भरतं. त्याशिवाय चर्चच्या हॉलमध्ये, अग्निशमन केंद्रात भरणारे छोटे बाजार. वाघिणी तिथेच घ्याव्यात. इंजिन मात्र विक्रेत्याच्या रुळावर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. अशाच एका टेबलावरून घेतलेलं दुसरं इंजिन घरी लंगडायला लागलं: आसावरचं प्लास्टिकचं दंतचक्र चिरलेलं, प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. जुन्या इंजिनांत हे नेहमीचं दुखणं आहे. नवं चक्र सुटं मिळतं, तासाभरात बसतं, पण भाव करताना हे धरूनच बोलायचं.

आणि एक गोष्ट जी अमेरिकन लोकांच्या सल्ल्यात कुठेही सापडणार नाही: फोडणी. आमचं स्वयंपाकघर दिवाणखान्याला उघडं आहे. मोहरी-हिंगाची फोडणी, पुऱ्या, भजी यांची तेलकट वाफ रुळांवर बसते, तिला धूळ चिकटते आणि इंजिन अडखळायला लागतं. सणावाराच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास. औषधाच्या दुकानात मिळणारं ९१ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती फडक्यावर घेऊन रूळ पुसायचे, त्याच ओल्या फडक्यावर इंजिनाची चाकं फिरवायची. सँडपेपर लावू नका, चरे पडतात आणि त्यात घाण भरते. आता तळण असेल त्या दिवशी मी लेआउटवर जुनी नऊवारी पांघरते. मापाला बरोबर बसते.

खर्चाचं विचाराल तर सगळ्यात जास्त पैसे इंजिन आणि डीकोडरमध्ये गेले, त्याखालोखाल रुळांत. वाघिणी सेकंडहँड, झाडं आणि घरं बरीचशी हाताने केलेली. भारतात न्यायचा विचार असेल तर डीसीसीच्या अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघून घ्या. कारण नुसतं १२० व्होल्टचं जुनं पॉवर पॅक आपल्या प्लगमध्ये लावलं की जळतंच. रूळ आणि गाड्यांना काही करावं लागत नाही. सध्या माझी नजर दुसऱ्या एका आरएस-३ वर आहे, एरीच्या जुन्या काळ्या रंगातलं, लोकलसाठी. डबे मात्र आखूड शोधते आहे. ८५ फुटी डबा एन मापात सोळा सेंटिमीटर होतो आणि ३१५ च्या वळणावर शेजारच्या रुळावरच्या वाघिणीला खांदा मारतो.