कडीची सुती स्लिंग: तिन्हीसांजेचं रडणं आणि आमचे दोन महिने

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. हातमागाचं सुती कापड, साधारण दोन मीटर लांब, एका टोकाला ॲल्युमिनियमच्या दोन कड्या शिवलेल्या. कापड खांद्यावरून पाठीमागे फिरवून पुढे आणायचं, कड्यांतून ओवून ओढायचं, की छातीपाशी बाळाला बसायला जागा तयार होते. किंमत १,६५० रुपये. पार्सल डोंबिवलीला पाच दिवसांत आलं. आमची चिऊ तेव्हा पाच आठवड्यांची होती.

तिसऱ्या आठवड्यापासून तिचं रोज संध्याकाळी साडेसातला सुरू व्हायचं. गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद. दूध घेईना, पाळण्यात राहीना. साडेदहाला दमून झोपायची. आई म्हणाली, "तिन्हीसांजेला मुलं रडतातच रे, वात धरला असेल." तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या, बेंबीभोवती हिंग लावला. कातडी लाल दिसली तेव्हा हिंग बंद केला. साताऱ्याहून आणलेला गुटीचा डबा सहाणेशेजारी तयारच होता.

डॉक्टरबाईंनी वजन केलं, पोट चाचपलं. ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, दूध तोडणं, यातलं काही आहे का ते विचारलं. नव्हतं. मग म्हणाल्या, हे कोलिक. दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडणं, ही त्याची जुनी मोजपट्टी. वेसेल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी ती १९५४ मध्ये मांडली. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. पोट टम्म दिसतं, पण रडताना हवा गिळली जाते म्हणूनही ते फुगतं. सहाव्या आठवड्याच्या आसपास रडण्याचा कळस होतो आणि तीन-चार महिन्यांत ते आपोआप ओसरतं. गुटी, ग्राइप वॉटर, मध काही द्यायचं नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. आईने घरी येऊन गुटीचा डबा कपाटात ठेवून दिला. आम्हा दोघा भावंडांना तिने गुटीवर वाढवलं होतं. तिला ते किती जड गेलं असेल, हे मला कळतं.

स्लिंग मी मागवली ती हात भरून यायचे म्हणून. विकणाऱ्यांनी मात्र 'पोटदुखीवर हमखास उपाय' असं लिहिलं होतं, आणि माझी पहिली तक्रार त्यावरच आहे. १९८६ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका अभ्यासात, साध्या निरोगी बाळांना रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ उचलून घेतल्यावर सहाव्या आठवड्यात त्यांचं रडणं ४३ टक्क्यांनी कमी भरलं. पण १९९१ मध्ये हाच प्रयोग कोलिकच्या बाळांवर केला तेव्हा फरक दिसला नाही. आमचाही अनुभव असाच. चिऊ स्लिंगमध्येही रडायची. काही संध्याकाळी वीस मिनिटांत शांत व्हायची, काही संध्याकाळी दोन तास नाही.

बदललं ते आमचं. सात ते दहा मी तिला छातीशी बांधून गॅलरीत आणि जिन्यात फिरायचो आणि बायको आतल्या खोलीत दार लावून झोपायची. महिनाभर ती सलग दोन तास झोपली नव्हती. त्याआधी एका रात्री चिऊला हातात घेऊन उभा असताना मला तिचाच राग आला होता. मी तिला पाळण्यात ठेवलं, बाहेर जाऊन दहा मिनिटं जिन्यात बसलो. तसंच करावं, असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं: सहन होईना तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून बाजूला व्हा, पण कधीही गदागदा हलवू नका. ज्यांच्या घरी असं रडणारं बाळ आहे त्यांनी हे आधीच ऐकून ठेवावं.

बांधण्याबद्दल. पहिल्या दिवशी मी सैल बांधली. चिऊ खाली घसरली आणि तिची हनुवटी छातीला टेकली. आईने ओरडून दाखवलं म्हणून लक्षात आलं. एवढ्या लहान बाळाची श्वासाची वाट अशीच बंद होऊ शकते. डब्यातल्या इंग्रजी पत्रकात चित्रं होती, पण ही गोष्ट कुठेच ठळक नव्हती. कापड घट्ट हवं, चेहरा सतत दिसायला हवा, नाक मोकळं, मान थोडी खाली केली की टाळूचा पापा घेता यावा इतकं बाळ वर, पाठीला आधार आणि गुडघे ढुंगणापेक्षा उंच. बाळ दिवसांआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गॅसजवळ जायचं नाही, हातात गरम चहाही नको.

झोपलेल्या बाळाला काढणं हे सगळ्यात अवघड काम. काढलं की डोळे टक्क उघडे. २०२२ मध्ये जपानी संशोधकांनी सुचवलेली रीत आम्हाला बरीच लागू पडली: पाच मिनिटं न थांबता चालायचं, मग पाच ते आठ मिनिटं घेऊन नुसतं बसायचं, आणि मग ठेवायचं.

उरलेल्या तक्रारी छोट्या. पहिल्या तीन धुण्यांत निळा रंग गेला आणि माझा पांढरा सदरा कायमचा निळसर झाला. सगळं वजन एकाच खांद्यावर येतं, त्यामुळे तासाभराने खांदा बदलावा लागतो. एप्रिलच्या उकाड्यात दोघंही घामेजायचो, तरी आतेबहिणीने दिलेल्या ताणल्या जाणाऱ्या जाड होजिअरीच्या कापडापेक्षा हे कितीतरी बरं. पाचपैकी चार गुण देतो. एक गुण त्या 'हमखास' शब्दाचा कापला.

चौदाव्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी आठ वाजले, साडेआठ वाजले, चिऊ पंख्याकडे बघत पडून होती. मी स्लिंग खांद्यावर घेऊन तयार उभा होतो, ती लागलीच नाही. आता ती सात महिन्यांची आहे आणि त्याच विटलेल्या कापडात कडेवर बसून माझ्याबरोबर फडके रोडला भाजीला येते.